क्रीडेतील उत्तेजकसेवन व ज्ञानपूर्वक संमती

क्रीडेतील उत्तेजकसेवन व ज्ञानपूर्वक संमती : शारीरिक क्षमता कृत्रिम उपायांनी वाढविण्याच्या हेतूने खेळाडूच्या शरीरात औषधी द्रव्य जाते, तेव्हा त्या द्रव्याचे स्वरूप, परिणाम व धोके त्याला कितपत ठाऊक होते आणि त्याने दिलेला होकार कितपत स्वेच्छेचा होता, हा क्रीडानीतीतील एक मूलभूत प्रश्न होय. उत्तेजकांच्या वापराचा इतिहास पाहता द्रव्याविषयीचे ज्ञान बहुधा प्रशिक्षक, वैद्य, संघटक वा विक्रेता यांच्याकडे असते. आरोग्याची हानी व शिक्षा यांचा भार मात्र खेळाडूवर पडतो, असे दिसून येते. ज्ञान व दायित्व यांच्यातील ही विषमता हेच या प्रश्नाचे मर्म आहे.

संमतीची संकल्पना : दुसऱ्याच्या शरीरावर कोणताही वैद्यकीय प्रयोग वा उपचार करण्यापूर्वी त्याची ज्ञानपूर्वक संमती घेतली पाहिजे, हे तत्त्व आधुनिक वैद्यकनीतीत न्यूरेंबर्ग संहितेने (१९४७) ठळकपणे मांडले. नाझी छळछावण्यांत कैद्यांवर प्रयोग करणाऱ्या डॉक्टरांच्या खटल्याच्या निकालपत्रात ही संहिता समाविष्ट होती. पुढे जागतिक वैद्यक संघटनेच्या हेलसिंकी घोषणापत्राने (१९६४) या तत्त्वाचा विस्तार केला. भारतात सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली विरुद्ध डॉ. प्रभा मनचंदा या खटल्यात (२००८) उपचारास दिलेल्या संमतीचे निकष स्पष्ट केले. संमती देणारी व्यक्ती ती देण्यास सक्षम असावी, संमती स्वेच्छेने दिलेली असावी आणि उपचाराचे स्वरूप, पर्याय व धोके यांविषयी पुरेशी माहिती मिळाल्यानंतर दिलेली असावी, असे हे निकष होत.

भारतीय विधीत याहून जुना आधारही सापडतो. भारतीय संविदा अधिनियम (१८७२) याच्या कलम १४ प्रमाणे जबरदस्ती, गैरवाजवी दडपण, कपट, चुकीचे निवेदन वा गैरसमज यांमुळे मिळालेली संमती ही मुक्त संमती नव्हे. एक पक्ष दुसऱ्याच्या इच्छेवर वर्चस्व गाजविण्याच्या स्थितीत असेल व त्या स्थितीचा त्याने गैरफायदा घेतला असेल, तर त्यास कलम १६ मध्ये गैरवाजवी दडपण म्हटले आहे. भारतीय दंड संहितेच्या कलम ९० अन्वये भीतीपोटी वा वस्तुस्थितीच्या गैरसमजातून दिलेली संमती ही संमती ठरत नसे. हीच तरतूद १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम २८ मध्ये आली आहे. हे सर्व निकष क्रीडाक्षेत्रास लावून पाहिल्यास उत्तेजकसेवनाच्या अनेक प्रकरणांतील ‘होकार’ संशयास्पद ठरतो.

प्रारंभीचा काळ : १९०४ च्या सेंट लुइस ऑलिंपिकमधील मॅरॅथॉन शर्यतीत टॉमस हिक्स हा धावपटू थकून कोसळण्याच्या बेतात असता त्याच्या साहाय्यकांनी त्यास वाटेतच स्ट्रिक्निन हे विषारी द्रव्य व ब्रँडी पाजली. त्या वेळी अशा द्रव्यांना बंदी नव्हती व हिक्स विजेता ठरला. द्रव्य कोणते व किती द्यावयाचे हे धावणाऱ्याने नव्हे, तर त्याच्या साहाय्यकांनी ठरविले, ही गोष्ट येथे लक्षणीय आहे. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये डॅनिश सायकलपटू क्नुड येन्सन आणि १९६७ च्या ‘तूर द फ्रान्स’ शर्यतीत ब्रिटिश सायकलपटू टॉम सिंप्सन यांचे मृत्यू ओढवल्यानंतर या विषयाकडे जगाचे लक्ष वेधले गेले. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने १९६७ मध्ये वैद्यकीय आयोग नेमला व १९६८ पासून ऑलिंपिकमध्ये चाचण्या सुरू झाल्या. स्नायुवर्धक स्टेरॉइडांची ऑलिंपिकमधील चाचणी १९७६ मध्ये माँट्रिऑल येथे प्रथम झाली.

पूर्व जर्मनीतील प्रयोग : संमतीशिवाय झालेल्या उत्तेजकसेवनाचे सर्वांत मोठे उदाहरण पूर्व जर्मनीत घडले. १९७४ मध्ये तेथील सत्तारूढ पक्षाच्या संमतीने ‘राज्य योजना १४·२५’ या सांकेतिक नावाखाली खेळाडूंना स्टेरॉइडे देण्याचा गुप्त कार्यक्रम पद्धतशीरपणे राबविण्यात येऊ लागला. येनाफार्म या सरकारी कारखान्यात तयार होणाऱ्या ओरल-ट्युरिनाबॉल या औषधाच्या लहान निळ्या गोळ्या खेळाडूंना दिल्या जात. त्या जीवनसत्त्वाच्या गोळ्या आहेत, असे अनेकांना सांगण्यात आले होते. त्यांत किशोरवयीन मुलींचा मोठा भरणा होता. पालकांना काहीच कळू दिले जात नसे. माँट्रिऑल ऑलिंपिकमध्ये पूर्व जर्मन महिला जलतरणपटूंनी १३ पैकी ११ सुवर्णपदके जिंकली. या कार्यक्रमाच्या कक्षेत सुमारे १०,००० खेळाडू आले असावेत, असा अंदाज आहे.

जर्मनीच्या एकीकरणानंतर माजी खेळाडू ब्रिगिटे बेरेन्डोंक व त्यांचे पती, रेण्वीय जीववैज्ञानिक व्हेर्नर फ्रांके यांनी गुप्त कागदपत्रे उजेडात आणली. ती लिहिणाऱ्या डॉक्टरांना औषधांचे दुष्परिणाम पूर्ण ठाऊक होते, हे त्यांवरून उघड झाले. आवाज घोगरा होणे, अंगावर केस वाढणे, यकृताचे विकार आणि प्रजननसंस्थेची हानी यांच्या नोंदी त्यांत होत्या. १९८६ ची युरोपीय विजेती गोळाफेकपटू हायडी क्रीगर हिला सोळाव्या वर्षापासून ही औषधे देण्यात आली होती. पुढे लिंगबदल करून आंद्रेआस क्रीगर झालेल्या या खेळाडूने खटल्यात साक्ष दिली. आपली ओळख स्वतः शोधण्याची संधीच हिरावली गेली, ही त्याची तक्रार संमतीच्या प्रश्नाचे गांभीर्य दाखविते. २००० मध्ये बर्लिनच्या न्यायालयाने क्रीडाप्रमुख मानफ्रेट एव्हाल्ट व वैद्यकीय प्रमुख मानफ्रेट ह्यप्नर यांना अल्पवयीनांना शारीरिक इजा पोहोचविण्यास साहाय्य केल्याबद्दल दोषी ठरविले. दोघांच्याही कारावासाची अंमलबजावणी मात्र स्थगित ठेवली. फसवणुकीने दिलेली गोळी ही शारीरिक इजाच होय, हे तत्त्व या निकालाने प्रस्थापित झाले. बाधित खेळाडूंच्या साहाय्यासाठी जर्मनीने २००२ व २०१६ मध्ये कायदे केले.

निरपवाद दायित्वाचे तत्त्व : पूर्व जर्मनीत दोषी ठरले ते गोळ्या देणारे. आंतरराष्ट्रीय क्रीडानियमांचा विकास मात्र वेगळ्या दिशेने झाला. खेळाडूच्या नमुन्यात निषिद्ध द्रव्य आढळले की नियमभंग सिद्ध होतो, त्याचा हेतू वा ज्ञान सिद्ध करावे लागत नाही, यास निरपवाद दायित्वाचे तत्त्व म्हणतात. क्रीडा लवाद न्यायालयाने १९९५ मध्ये अमेरिकन नेमबाज क्विग्ली याच्या प्रकरणात या तत्त्वाचे समर्थन केले. आजारी पडलेल्या क्विग्लीस परदेशात एका डॉक्टरने दिलेल्या औषधात एफेड्रिन होते. नियमांची भाषा पुरेशी स्पष्ट नसल्याने त्याचे अपील मान्य झाले. परंतु हेतू सिद्ध करण्याची अट घातल्यास उत्तेजकविरोधी कार्य अशक्य होईल, असे न्यायालयाचे मत पडले. एका निरपराध खेळाडूवर अन्याय होण्याचा धोका असला, तरी स्पर्धेतील इतर सर्वांच्या हितासाठी तो पत्करावा लागतो, अशी त्यामागील भूमिका होती.

जागतिक उत्तेजकविरोधी संस्था (वाडा) १९९९ मध्ये स्थापन झाली व तिची संहिता २००४ पासून अमलात आली. खेळाडूचा कोणताही दोष नसल्यास शिक्षा माफ करण्याची व दोष अल्प असल्यास ती कमी करण्याची सोय संहितेत आहे. तथापि खेळाडूच्या डॉक्टरने वा प्रशिक्षकाने त्यास न सांगता द्रव्य दिले, किंवा निकटवर्तीयाने त्याच्या अन्नपाण्यात ते मिसळले, तर त्यास पूर्णपणे निर्दोष मानता येणार नाही, असे संहितेच्या टीपेत स्पष्ट केले आहे. आपले वैद्यकीय साहाय्यक कोण असावेत व आपल्या अन्नपाण्याजवळ कोणास येऊ द्यावे, याची जबाबदारी खेळाडूचीच, असे हे तर्कशास्त्र आहे. वैद्यकनीतीत ज्ञानाचा अभाव संमती रद्द करतो. क्रीडानियमांत त्याच अभावाने दायित्व टळत नाही, फार तर शिक्षा सौम्य होते.

भारतातील प्रकरणे : २०११ मध्ये सहा भारतीय महिला धावपटूंच्या नमुन्यांत स्टेरॉइडे आढळली. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल व ग्वांगजौ आशियाई स्पर्धांत ४ × ४०० मी. रिले शर्यतीत सुवर्णपदक जिंकणाऱ्या चमूतील मनदीप कौर, सिनी जोस व अश्विनी अक्कुंजी या तिघींचा त्यांत समावेश होता. प्रशिक्षक यूरी ओगोरोदनिक यांच्याकडून मिळालेल्या जिनसेंगच्या पूरक आहारातून ही द्रव्ये शरीरात गेली, असा खेळाडूंचा दावा होता. ओगोरोदनिक यांना पदावरून दूर करण्यात आले. राष्ट्रीय शिस्तपालन मंडळाने खेळाडूंचा दोष अल्प मानून एक वर्षाची बंदी घातली. क्रीडा लवाद न्यायालयाने २०१२ मध्ये ती दोन वर्षांची केली. प्रशिक्षकावरील विश्वास हा बचाव अपुरा ठरला.

महाराष्ट्राशी निगडित असे सर्वांत गाजलेले प्रकरण मुंबईचा मल्ल नरसिंग यादव याचे होय. २०११ ते २०१३ अशी सलग तीन वर्षे ‘महाराष्ट्र केसरी’ किताब पटकाविणाऱ्या या मल्लाने २०१५ च्या जागतिक स्पर्धेत ७४ किग्रॅ. गटात कांस्यपदक मिळवून भारतासाठी रिओ ऑलिंपिकमधील स्थान निश्चित केले होते. २५ जून व ५ जुलै २०१६ रोजी सोनीपतच्या प्रशिक्षण केंद्रात घेतलेल्या त्याच्या नमुन्यांत मेथँडिनोन हे स्टेरॉइड आढळले. आपल्या पेयात कोणीतरी ते मिसळले, असे त्याचे म्हणणे होते. राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या (नाडा) शिस्तपालन मंडळाने ते ग्राह्य धरून १ ऑगस्ट रोजी त्यास निर्दोष ठरविले. वाडाने त्याविरुद्ध क्रीडा लवाद न्यायालयात दाद मागितली. कट झाल्याचा ठोस पुरावा नाही व तज्ज्ञांच्या साक्षीनुसार द्रव्याचे प्रमाण पाहता ते गोळीच्या रूपात एकापेक्षा अधिक वेळा घेतले असण्याची शक्यता अधिक आहे, असे मत देऊन या न्यायालयाने १८ ऑगस्ट रोजी, त्याच्या लढतीच्या आदल्या दिवशी, चार वर्षांची बंदी घातली. द्रव्य आपल्या नकळत शरीरात गेले हे सिद्ध करण्याचा भार खेळाडूवर असतो आणि तो पेलणे किती दुष्कर असते, हे या प्रकरणावरून कळून येते. दुसरीकडे, ‘नकळत’ हा शब्द उच्चारताच सुटका होऊ लागली, तर नियमच उरणार नाही, ही लवादाची अडचणही त्यातून दिसते.

विरार येथे वाढलेला क्रिकेटपटू पृथ्वी शॉ याचे प्रकरण सौम्य, पण बोधप्रद आहे. २२ फेब्रुवारी २०१९ रोजी सय्यद मुश्ताक अली स्पर्धेच्या वेळी इंदूर येथे घेतलेल्या त्याच्या नमुन्यात टर्ब्युटालिन आढळले. हे द्रव्य खोकल्याच्या अनेक औषधांत असते. खोकल्यासाठी औषध घेतले होते, हा त्याचा खुलासा भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने मान्य केला. तरीही १५ नोव्हेंबर २०१९ पर्यंत आठ महिन्यांचे निलंबन त्याच्या वाट्याला आले. त्या वेळी तो १९ वर्षांचा होता.

सहीची संमती : लेखी संमतीपत्रामुळे प्रश्न सुटतो, असेही नाही. ऑस्ट्रेलियातील एसेंडन फुटबॉल क्लबने २०१२ च्या हंगामात खेळाडूंना अंतःक्षेपणांचा एक कार्यक्रम दिला व त्यासाठी त्यांच्याकडून संमतीपत्रांवर सह्या घेतल्या. ही द्रव्ये नियमबाह्य नाहीत, असे आश्वासन त्यांना देण्यात आले होते. जानेवारी २०१६ मध्ये क्रीडा लवाद न्यायालयाने ३४ आजी-माजी खेळाडूंना थायमोसिन बीटा-४ या निषिद्ध द्रव्याच्या वापराबद्दल दोन वर्षांच्या बंदीची शिक्षा दिली. खेळाडूंनी पुरेशी चौकशी केली नाही व चाचणीच्या वेळी अंतःक्षेपणांचा उल्लेख टाळला, हे त्यांच्या विरोधात गेले. ज्या कागदावर संमती नोंदविली गेली, त्याने खेळाडूंचे रक्षण झाले नाही.

चाचणी व लवाद यांस दिलेली संमतीही पूर्णतः ऐच्छिक नसते. नमुना देण्यास व लवादाचा निर्णय मानण्यास नकार देणाऱ्यास स्पर्धेत प्रवेश मिळत नाही. जर्मन स्केटिंगपटू क्लाउडिया पेखश्टाइन हिच्या प्रकरणात युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने २०१८ मध्ये लवादास तिने दिलेली मान्यता मुक्त मानता येत नाही, असे म्हटले. मात्र लवादपद्धती अवैध ठरविली नाही, सुनावणी जाहीर न घेतल्याबद्दलच दोष दिला. भारतीय क्रिकेटपटूंनी २००९ मध्ये आपल्या ठावठिकाण्याची आगाऊ माहिती देण्याच्या अटीस हरकत घेतली होती. एवढा विरोध करण्याचे सामर्थ्य त्यांच्या मंडळाकडे होते. कुस्ती वा ॲथ्लेटिक्समधील होतकरू खेळाडूंकडे ते नसते.

नैतिक मतभेद : प्रौढ खेळाडूने धोके जाणून स्वेच्छेने उत्तेजके घेतल्यास त्यास अटकाव का करावा, असा प्रश्न काही तत्त्वज्ञांनी उपस्थित केला आहे. ज्यूलियन सॅव्ह्युलेस्क्यू व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये आरोग्यास घातक नसलेल्या मर्यादेत उत्तेजकांना परवानगी द्यावी, असे प्रतिपादिले. चोरटा वापर थांबून वैद्यकीय देखरेख शक्य होईल, हा त्यांच्या युक्तिवादाचा बलवान भाग होय. याउलट टॉमस मरी यांनी १९८३ मध्येच दाखवून दिले होते, की स्पर्धेत काहींनी उत्तेजके घेतली की इतरांपुढे तीच घेणे, मागे पडणे किंवा खेळ सोडणे एवढेच पर्याय उरतात. एकाचे स्वातंत्र्य दुसऱ्यावरील सक्ती बनते. बंदीच्या बाजूने हा युक्तिवाद अधिक ग्राह्य वाटतो. कारण तो प्रामाणिक खेळाडूच्या संमतीचाच विचार करतो. मात्र त्यापासून बंदीचा भार एकट्या खेळाडूवर टाकण्याचे समर्थन निघत नाही.

तालीम, व्यायामशाळा व भिवंडी परिसर : महाराष्ट्रातील तालमींच्या परंपरेत वस्ताद व पठ्ठा यांचे नाते आज्ञापालनाचे असते. कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांच्या आश्रयाने ही परंपरा बहरली. दूध, तूप, बदाम, थंडाई असा खुराक वस्तादाने सांगावा व पठ्ठ्याने न विचारता घ्यावा, अशी रीत होती. खुराक ओळखीचा होता, तोवर या विश्वासात धोका नव्हता. भुकटीचा डबा व अंतःक्षेपणाची कुपी यांचा आखाड्यात व व्यायामशाळेत प्रवेश झाला, तेव्हा विश्वास तोच राहिला. देणाऱ्यासही मात्र आत काय आहे ते ठाऊक असेलच, असे उरले नाही.

ठाणे जिल्ह्यातील भिवंडी परिसरात ही परिस्थिती जवळून दिसते. तालुक्यातील आगरी-कोळी वस्तीच्या गावांत कबड्डी व कुस्ती यांची आवड जुनी आहे. शहर यंत्रमागांचे असून तेथे उत्तर प्रदेश व तेलंगणातून आलेल्या विणकरांच्या पिढ्या नांदत आहेत. मराठीबरोबर उर्दू, हिंदी व तेलुगू या भाषा तेथे सर्रास बोलल्या जातात. औषधांच्या व पूरक आहाराच्या वेष्टनांवरील मजकूर मात्र प्रायः इंग्रजीत असतो. आपल्या भाषेत न सांगितलेल्या धोक्यास ज्ञानपूर्वक संमती देता येत नाही. मुंबई–नाशिक महामार्गालगतच्या या तालुक्यातील गोदामे देशातील मोठ्या साठवण-केंद्रांपैकी असून घरपोच विक्रीचा माल येथून सर्वत्र जातो. खेळाडू व खरेदी यांच्यामध्ये पूर्वी ओळखीचा वैद्य वा दुकानदार असे. आता तोही राहिलेला नाही.

शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी महाराष्ट्रात ५ टक्के आरक्षण आहे; पोलीसभरतीत धावणे, गोळाफेक अशा चाचण्या असतात. गरीब कुटुंबातील मुलास पदक वा भरती म्हणजे घराचा आधार होय. अशा स्थितीत ‘घेतोस का?’ या प्रश्नाला मिळणारा होकार परिस्थितीच्या रेट्याने दिलेला असू शकतो. मेफेंटरमाइन हे शस्त्रक्रियेत भूल देताना खालावणारा रक्तदाब सावरण्यासाठी वापरण्याचे औषध आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते विकण्यास मनाई असूनही व्यायामशाळांत व भरतीच्या तयारीत त्याचा गैरवापर होतो. राज्यात पोलिसांनी व अन्न व औषध प्रशासनाने अशा विक्रीविरुद्ध कारवाया केल्या आहेत. हृदयाचे ठोके अनियमित होणे, रक्तदाब धोकादायक पातळीपर्यंत वाढणे व व्यसन जडणे हे त्याचे परिणाम होत. ते वाडाच्या निषिद्ध सूचीतही आहे.

अल्पवयीन खेळाडू व विधिव्यवस्था : वाडाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये भारतातील ३,८६५ नमुन्यांपैकी १२५ व २०२४ मध्ये ७,११३ पैकी २६० नमुन्यांत निषिद्ध द्रव्ये आढळली. अल्पवयीन खेळाडूंच्या अशा प्रकरणांचा जो आढावा वाडाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केला, त्यात रशियानंतर भारताचा क्रमांक होता. २०२१ पासून अमलात असलेल्या संहितेने ‘संरक्षित व्यक्ती’ हा नवा वर्ग मान्य केला आहे. १६ वर्षांखालील सर्व खेळाडू, तसेच १८ वर्षांखालील परंतु उच्चस्तरीय स्पर्धांत न उतरलेले खेळाडू त्यात येतात. त्यांना शिक्षेत सवलत मिळते व त्यांच्या प्रशिक्षक-साहाय्यकांची चौकशी करणे बंधनकारक असते. संरक्षित व्यक्तीस निषिद्ध द्रव्य देणाऱ्या साहाय्यकास आजन्म बंदीची तरतूद आहे. भारतात नाडाची स्थापना २००५ मध्ये झाली व राष्ट्रीय उत्तेजकविरोधी अधिनियम, २०२२ याने तिला वैधानिक दर्जा दिला. पूरक आहारात संप्रेरके वा स्टेरॉइडे मिसळण्यास अन्नसुरक्षा विनियमांनीही मनाई केली आहे.

निरपवाद दायित्वाचे तत्त्व सोडून देणे व्यवहार्य नाही, हे नरसिंग यादव प्रकरणातील पेचावरून स्पष्ट होते. परंतु त्याची नैतिक वैधता एका अटीवर अवलंबून आहे : ज्याच्यावर दायित्व टाकावयाचे त्याच्यापर्यंत ज्ञान आधी पोहोचले पाहिजे. तालमीतील मुलाला त्याच्या भाषेत द्रव्याचे नाव व धोका कळणे, नकार दिल्यास त्याची जागा जाणार नाही याची हमी असणे आणि द्रव्य देणाऱ्याचा शोध नमुना देणाऱ्याच्या शिक्षेइतक्याच तत्परतेने होणे, ही त्याची तीन अंगे होत. पूर्व जर्मनीतील निकालाने दोष गोळी देणाऱ्याच्या माथी ठेवला. क्रीडानियमांत तो मुख्यतः गोळी घेणाऱ्यावरच राहिला आहे. २०२१ च्या संहितेने बालकांपुरता हा तोल सावरण्यास प्रारंभ केला आहे.